कोवळ्या वैरणीला पावसाचा खंड सोसवणारी संजीवके

राज्याच्या उत्तर टोकाला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा सुरू होतो. नदीच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात, तामसी मंडल आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, आणि घराघरांत मराठी. आदिलाबादला वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढा पाऊस पडणाऱ्या भागात अवर्षणाविषयी का लिहावे, असे हैदराबादेत बसलेल्या वाचकाला वाटू शकते. तामसीच्या शेतकऱ्याला मात्र तो प्रश्न पडत नाही. येथले अवर्षण वर्षाच्या बेरजेत दिसत नाही. मृगात पेरणी होते, आर्द्रा लागता लागता आभाळ मोकळे होते आणि पुढचे दोन-तीन आठवडे थेंब पडत नाही. खंड म्हणतात तो हाच. कापसाला त्यातून वाचण्याची थोडीफार संधी असते. वैरणीसाठी पेरलेल्या ज्वारीचे कोवळे रोप मात्र नेमके त्या दिवसांत सर्वांत दुबळे असते.

वैरणीचा प्रश्न या भागात का तीव्र झाला, हे उघड आहे. ज्वारीखालचे शेत कापूस आणि सोयाबीनकडे वळले आणि त्याबरोबर कडबाही कमी झाला. पऱ्हाटी जनावर खात नाही. सोयाबीनचे कुटार खाते, पण त्यावर बैल कामाला उभा राहत नाही. जून ते ऑगस्ट हा काळ सर्वांत कठीण असतो. गंजीतला कडबा संपलेला असतो आणि बांधावरचे गवत अजून विळ्याला आलेले नसते. अशा वेळी मृगात पेरलेले अर्ध्या एकराचे कडवळ करपले, तर दुबार पेरणीचा खर्च येतो आणि वैरण महिनाभर लांबते. तो महिना निभावता आला नाही, तर पोळ्याच्या आधीच एखादी बैलजोडी बाजाराच्या वाटेला लागते.

म्हणूनच ‘वनस्पती संप्रेरकांनी रोप दुष्काळात टिकवता येते’ हे विधान येथे प्रयोगशाळेपुरते राहत नाही. ते कितपत खरे आहे आणि कोठे थांबते, हे पाहणे आवश्यक ठरते.

रोपाच्या पहिल्या तीन आठवड्यांत

ज्वारीचा दाणा पाभरीतून चार-पाच सेंटिमीटर खोल पडतो. ओल मिळाली की त्यातून पहिले मूळ सरळ खाली जाते. हे बीजमूळ रोपाला आरंभी पोसते, पण जन्मभर पोसण्याची त्याची ताकद नसते. साधारण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास खोडाच्या बुडाशी, जमिनीच्या पृष्ठभागालगतच्या पेरांतून दुसरी, जाड मुळे फुटू लागतात. पुढचे सारे आयुष्य या मुळांवर अवलंबून असते. अडचण अशी की ती ज्या थरात फुटतात तोच थर खंडात आधी वाळतो. खाली वीतभर खोलीवर ओल असते, वर कोरडी भेगाळलेली माती असते आणि नवे मूळ त्या कोरड्या पट्ट्यातच खुंटते. शेतकरी खालची ओल हाताने तपासून ‘अजून आठ दिवस निघतील’ असा अंदाज बांधतो. तो अंदाज जुन्या मुळापुरता बरोबर असतो, नव्या मुळापुरता चुकीचा.

काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण अधिक असल्याने ती पाणी पुष्कळ धरते, पण सोडताना कंजूषपणा करते. माती ओलसर दिसते, तरी त्यातले बरेच पाणी कोवळ्या मुळाला ओढता येत नाही. मग पान पुंगळीसारखे गुंडाळते, त्याच्या हिरव्या रंगावर राखाडी-निळसर छटा येते आणि वाढ थांबते.

ही थांबलेली वाढ म्हणजे हतबलता नव्हे. रोपाने घेतलेला तो निर्णय असतो आणि तो निर्णय संप्रेरके घडवून आणतात.

कापसाच्या बोंडातून सापडलेले द्रव्य

वनस्पतीच्या एका भागात तयार होऊन दुसऱ्या भागाला अत्यल्प प्रमाणात आज्ञा देणारे द्रव्य म्हणजे संप्रेरक. या शास्त्राचा आरंभ गवतवर्गीय रोपांवरच झाला. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॅनरी गवताच्या कोंबाच्या टोकाला टोपी घातली. कोंब उजेडाकडे वळेनासा झाला. टोकाकडून खाली काहीतरी संदेश जातो, असा निष्कर्ष निघाला. तो संदेश वाहणारे द्रव्य फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने १९२६ ते १९२८ या काळात ओटच्या कोंबातून वेगळे करून दाखवले. त्याला ऑक्झिन हे नाव मिळाले. हाच ओट आज रब्बीत दुभत्या जनावरांसाठी हिरवी वैरण म्हणून पेरला जातो.

आदिलाबादच्या वाचकाला अधिक जवळची वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. कपाशीची कोवळी बोंडे गळून का पडतात, याचा शोध अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी घेत होते. १९६३ साली त्यांनी कोवळ्या बोंडांतून एक द्रव्य वेगळे केले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये झाडांच्या सुप्तावस्थेचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती तेच द्रव्य दुसऱ्या मार्गाने आले. पुढे त्याचे नाव ॲब्सिसिक आम्ल असे ठरले. गंमत अशी की बोंडगळीत या आम्लाचा थेट वाटा फारसा नाही, हे नंतर कळले. नाव मात्र गळतीवरूनच राहिले. त्याचे खरे काम १९६९ साली पुढे आले. गव्हाची पाने तोडून कोमेजू दिली, तेव्हा अवघ्या काही तासांत त्यांतील या आम्लाचे प्रमाण सुमारे ४० पटींपर्यंत वाढल्याचे आढळले. तहानेची वर्दी देणारे संप्रेरक ते हेच.

कपाशीने या शास्त्राला आणखी एक देणगी दिली आहे. ज्वारीच्या मुळांवर जगणारे टारफुला हे तण जुन्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. त्याचे बी कोणत्या द्रव्याच्या इशाऱ्याने रुजते, हे शोधताना १९६६ साली ते द्रव्य मिळाले कपाशीच्या मुळांतून. या कुळातील द्रव्ये फांद्या फुटण्यावर नियंत्रण ठेवणारी संप्रेरके आहेत, हे कळायला २००८ साल उजाडले.

आज्ञा कोणती, किंमत कोणती

पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. त्यांतून कर्बवायू आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांना कोरडेपणा जाणवला, पानातले पाणी कमी झाले की ॲब्सिसिक आम्ल वाढते. रंध्राच्या दोन्ही कडांच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, त्या पेशी शिथिल होतात आणि रंध्र मिटते. पाणी वाचते. मात्र कर्बवायूही येत नाही, म्हणजे अन्न तयार होणे मंदावते. दाराला एकच फट असलेल्या घरासारखी ही स्थिती आहे.

वैरणीच्या पिकात या गोष्टीला वेगळे महत्त्व आहे. धान्यासाठी पीक घेणाऱ्याला पान थोडे लहान राहिले तरी चालते, शेवटी कणीस भरले म्हणजे झाले. वैरण घेणाऱ्याचे पीक म्हणजेच पान आणि ताट. संप्रेरकाने रोपाला जे काटकसरीचे वळण लागते, ते त्याच्या उत्पन्नातूनच वजा होते. म्हणून वैरणीच्या बाबतीत उपयोगी तेच द्रव्य, जे पहिल्या वीस-पंचवीस दिवसांत रोप जगवते आणि पाऊस आला की बाजूला होते. जे वाढीच्या काळातही आवळून धरते, त्याचा हिशेब तोट्याचा.

ॲब्सिसिक आम्ल बाहेरून फवारले तर काम भागेल, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ते उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर निकामी होते, रोपही त्याचे झपाट्याने विघटन करते आणि त्याची किंमत वैरणीच्या पिकाला परवडणारी नाही. काही देशांत ते द्राक्षाला रंग यावा म्हणून वापरतात, ते यामुळेच. द्राक्षाचा भाव तो खर्च सोसतो. २००९ साली या आम्लाची पेशीतील ग्राहक प्रथिने सापडली, तेव्हापासून त्याची नक्कल करणारे अधिक टिकाऊ रेणू तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१९ साली जाहीर झालेला ओपाबॅक्टिन हा त्यांपैकी एक. तामसीच्या कृषी सेवा केंद्रात त्याची बाटली शोधू नये.

जिब्रेलिनची गोष्ट उलटी आहे. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली भाताची रोपे खुळ्यासारखी उंच वाढवणाऱ्या एका बुरशीच्या स्रावात त्याचा माग काढला. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना ते ‘जी.ए.’ या नावाने घरचेच झाले आहे. ते पेशी लांबवते. कोरडवाहू रोपाला खंडाच्या तोंडावर ते देणे म्हणजे पाणी नसताना पानांचा पसारा वाढवणे. तहानेच्या काळात उपयोग होतो तो जिब्रेलिन घडू न देणाऱ्या द्रव्याचा. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बाजारातले सायकोसिल किंवा लिहोसिन, हे त्या जातीचे. कपाशीची कायिक वाढ रोखण्यासाठी ते या भागात परिचित आहे. त्याने रोप बुटके, बुडाशी जाड राहते.

सॅलिसिलिक आम्ल मात्र वेगळ्या स्वभावाचे आहे. ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या कुळातील झाडांच्या सालीवरून त्याला नाव मिळाले. ॲस्पिरिनचा मूळ पदार्थही तोच. वनस्पतीत ते रोगप्रतिकाराचे आणि ताण सोसण्याचे संप्रेरक म्हणून काम करते. कोरडेपणात पेशींत तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन-द्रव्यांचा निचरा करणारी यंत्रणा त्याच्या अल्प मात्रेने आधीच सज्ज होते. ‘अल्प’ हा शब्द महत्त्वाचा. मात्रा वाढली की तेच आम्ल उगवण दाबते.

बी भिजवण्याची जुनी युक्ती

वैरणीच्या पिकात या द्रव्यांचा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित मार्ग म्हणजे बीजप्रक्रिया. बी ठरावीक वेळ द्रावणात भिजवावे, सावलीत पुन्हा मूळच्या कोरडेपणापर्यंत वाळवावे आणि मग पेरावे. भिजल्यामुळे बियाच्या आत उगवणीची पूर्वतयारी होते. कोंब फुटण्याआधी वाळवल्याने ती तयारी थांबून राहते आणि शेतात ओल मिळताच वेगाने पुढे सरकते. तमिळनाडू कृषी विद्यापीठ कोरडवाहू ज्वारीसाठी बी सहा तास २ टक्के पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या किंवा ५०० पीपीएम सायकोसिलच्या द्रावणात भिजवण्याची शिफारस करते. बाजारातले सायकोसिल ५० टक्के असते, म्हणून ५०० पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिलिटर. कडवळाला एकरी सुमारे १६ किलो बी लागते. ते बुडण्यास २० लिटर पाणी धरले, तर सायकोसिल लागते २० मिलिलिटर. सॅलिसिलिक आम्लाची १०० पीपीएमची मात्रा घेतली, तर २० लिटरला अवघे दोन ग्रॅम. ते थंड पाण्यात सावकाश विरघळते. आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून मग मोठ्या भांड्यात मिसळावे. घरातल्या तराजूवर दोन ग्रॅम मोजता येत नाहीत, म्हणून अंदाजाने चिमूट टाकण्याचा मोह होतो. सोनाराच्या काट्यावर किंवा औषध दुकानात मोजून घेतलेले बरे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. या फायद्याचा बराचसा भाग नुसत्या पाण्यात बी भिजवण्यानेही मिळतो. नव्वदीच्या दशकात गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या शेतांवर मका, भात, हरभऱ्याचे बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पेरण्याचे प्रयोग झाले. उगवण लवकर आणि एकसारखी झाली, रोपे जोमदार निघाली. ज्वारीला भिजवण्याची मर्यादा आठ-दहा तासांची धरावी. त्यापुढे बी कोंबारते आणि वाळवताना मरते. ज्या प्रयोगात द्रावणातल्या बियाची तुलना केवळ कोरड्या बियाशी केलेली असते, पाण्यात भिजवलेल्या बियाशी नसते, त्या प्रयोगाने द्रव्याची महती सिद्ध होत नाही.

दुकानातून आणलेले लाल-गुलाबी लेप दिलेले बी मात्र भिजवू नये. लेपातले कीटकनाशक-बुरशीनाशक धुऊन जाते आणि ते पाणी, उरलेले बी जनावरांच्या तोंडी लागले तर अनर्थ होतो. घरचे किंवा लेप नसलेले बीच या कामाला घ्यावे.

शेतकऱ्याच्या हाताशी आधीपासून असलेला आणखी एक संप्रेरकाचा स्रोत फारसा त्या नावाने ओळखला जात नाही. ॲझोस्पिरिलम, ॲझोटोबॅक्टर ही जिवाणू संवर्धके आपण नत्रासाठी लावतो. हे जिवाणू मुळांच्या भोवती राहून ऑक्झिनही तयार करतात आणि त्यामुळे मुळांना बारीक तंतू अधिक फुटतात. दहा किलो बियाला २५० ग्रॅमचे पाकीट, हा नेहमीचा हिशेब. भिजवून वाळवलेल्या बियाला पेरणीच्या अगदी आधी ते चोळावे. दोन ग्रॅमच्या तराजूची येथे गरज पडत नाही.

बारामतीजवळ माळेगाव येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून आहे. तेथे कमी पाण्यावरच्या ज्वारी, गहू, कांदा या पिकांवर सॅलिसिलिक आम्ल, थायोयुरिया अशा द्रव्यांच्या फवारणीचे प्रयोग झाले आहेत. धान्यपिकातले असे निष्कर्ष वैरणीवर जसेच्या तसे उचलू नयेत. थायोयुरिया हे संप्रेरक नव्हे आणि ते प्राण्यांच्या गलग्रंथीच्या कामात अडथळा आणते. दाण्यासाठीच्या पिकात पान शेतात राहते, वैरणीत तेच पान गव्हाणीत जाते. फवारणीऐवजी बीजप्रक्रियेवर भर देण्याचे कारण हेच: दाण्याला चिकटलेली किंचित मात्रा पन्नास-साठ दिवसांच्या ताटात पसरून नगण्य होते.

संजीवक या शब्दाविषयी

मराठीत शास्त्रीय लेखनात ‘संप्रेरक’ म्हणतात, बाटलीवर आणि बांधावर ‘संजीवक’. दुसऱ्या शब्दाला संजीवनीचा वास आहे आणि विक्री त्या वासावर चालते. कायद्याच्या दृष्टीने यांत दोन वर्ग पडतात. सायकोसिल, जिब्रेलिक आम्ल यांसारखी वाढ-नियंत्रक द्रव्ये कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये नोंदणीकृत असावी लागतात. समुद्रशेवाळाचे अर्क, ह्युमिक आम्ल असले जैव-उत्तेजक पदार्थ २०२१ च्या फेब्रुवारीत खत नियंत्रण आदेशाखाली आले. बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव व टक्केवारी आणि कोणत्या पिकासाठी हे नसेल, तर ती घेऊ नये. पावती घ्यावी.

ऑक्झिनच्या बाबतीत कापसाच्या प्रदेशाला आणखी एक ताकीद आवश्यक आहे. २,४-डी हे तणनाशक मुळात कृत्रिम ऑक्झिनच आहे. अल्प मात्रेत मुळे फोडणारी आज्ञा प्रचंड मात्रेत दिली की रुंद पानांचे झाड वेडेवाकडे वाढून मरते. कपाशी त्याला विलक्षण नाजूक. वैरणीच्या ज्वारीत २,४-डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली, आखूड येतात आणि शेतकरी तो रोग समजून आणखी एक औषध मारतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे, हाच त्यावर उपाय.

हिरवे दिसते म्हणून कापू नये

आता सर्वांत गंभीर मुद्दा. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. जनावराने पाने चावली, ती पोटात गेली की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. ते काही मिनिटांत जनावर आडवे करते. रोप जितके लहान आणि तहानलेले, तितके हे द्रव्य अधिक. खंडानंतर पाऊस पडून फुटलेली नवी पालवी तर सर्वांत घातक. बीजप्रक्रियेने वाचलेले रोप नेमके या अवस्थेत असते: बुटके, गर्द हिरवे आणि आजूबाजूचे सारे करपलेले असताना डोळ्यांत भरणारे. वैरणीच्या तंगीत ते कापण्याचा मोह आवरत नाही. रोप तगले म्हणजे त्यातले विष उतरले, असे समजू नये. फुलोऱ्यावर येईपर्यंत, निदान पन्नास दिवस, कडवळ कापू नये आणि त्यात जनावर सोडू नये. कापून चांगले सुकवल्यास किंवा मुरघास केल्यास धोका उतरतो. जनावर धापा टाकू लागले, थरथरू लागले, तोंडाला फेस आला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यक बोलवावा; सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांचे शिरेतून दिलेले इंजेक्शन वेळेत मिळाल्यास जनावर वाचते.

ज्यांना हा धोकाच नको, त्यांच्यासाठी वैरणीची बाजरी आहे. तिच्यात धुरिन नसते आणि खंड सोसण्यात ती ज्वारीच्या मागे नाही. मात्र तामसीच्या भारी, पाणी साचणाऱ्या जमिनीत बाजरी रुसते. ती हलक्या, उताराच्या तुकड्यात घ्यावी आणि सोबत चवळीच्या ओळी टाकाव्यात.

ज्यांना या मोसमात बीजप्रक्रिया करून पाहायची आहे, त्यांनी सबंध तुकडा एकाच पद्धतीने पेरू नये. तीन तासे कोरड्या बियाची, तीन साध्या पाण्यात भिजवलेल्या बियाची, तीन द्रावणातल्या बियाची, अशी खुणेच्या काठ्या रोवून शेजारी शेजारी पेरावीत. खंड पडला तर दहाव्या आणि विसाव्या दिवशी प्रत्येकी एका मीटर अंतरातली जिवंत रोपे मोजून वहीत लिहावीत. पाऊस वेळेवर आला तर तिन्हींत फरक दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या तासांत पाणी आणि द्रावण यांचा आकडा सारखाच आला, तर पुढच्या वर्षी बाटली आणण्याचे कारण उरत नाही. ही वही आदिलाबादच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवता येते. आपल्या मंडलातल्या मातीवरचे आकडे त्यांनाही हवेच असतात.